कोणत्या दिवसापासून मोजायचं

माझ्या कपाटात एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही आहे. पाण्याच्या टाकीची पातळी नोंदवायला असते तसली. बाबा इंदूरच्या पाणीपुरवठा खात्यात पातळीच नोंदवायचे, पण ही वही त्यांनी मला बाजारातून विकत आणून दिली होती. खात्यातली उचलून आणणारा माणूस नव्हे तो. तिच्यात एकशे अठ्ठावीस पानं आहेत आणि एकशे तीन भरलेली आहेत. हे प्रकरण लिहायला बसण्याआधी मी ती दोनदा मोजली. मुलगा म्हणाला, "आई, पानं किती याने काय फरक पडतो?" पडतो. जे मोजता येतं ते तरी बरोबर लिहावं, कारण पुढे जे सांगायचं आहे ते मोजता येत नाही, आणि त्यात मी एकदा चुकलेली आहे.

आम्ही तेव्हा जुनी इंदूर नावाच्या वस्तीत एका तीन मजली घराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. दोन खोल्या आमच्या, दोन दुबेजींच्या, मध्ये सामाईक जिना आणि वर सामाईक गच्ची. दुबेजी कापड गिरणीत वायरमन होते, युनियनचे कार्यकर्ते होते, आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. सकाळी आधी गिरणीचा भोंगा, मग चाचीच्या पाट्यावरवंट्याची घरघर, मग आमच्या स्वयंपाकघरात आईची किसणी. पावसाळा सरता सरता मालव्यात मका आला की आई भुट्ट्याचा कीस करायची. दुधात शिजणाऱ्या त्या किसाचा वास जिन्यात उतरला की दुबेजी दार न वाजवता आत यायचे आणि म्हणायचे, "भाभीजी, हमारा हिस्सा निकाल दिया ना?" आमची ताटली तिकडे गेली की दोन दिवसांत बाफले घेऊन परत यायची, तुपात बुडवलेले कणकेचे भाजके गोळे, वर जीरावण मसाला भुरभुरलेला. ताटली रिकामी परत आल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते फक्त एकदाचं, आणि ते पुढे येईल.

दोन घरांत दोन रेडिओ होते, पण तार एकच. गच्चीच्या त्यांच्या टोकाला एक बांबू, आमच्या टोकाला एक, आणि दोघांमध्ये चिनीमातीच्या गट्ट्यांवर ताणलेली वीस मीटर तांब्याची तार. ती दुबेजींनी आणि बाबांनी मिळून एका रविवारी बांधली होती. बाबा बांबू धरून उभे, दुबेजी वर चढलेले, आणि खाली आई ओरडतेय, "अहो, तोल सांभाळा, त्यांना पाडाल!" त्या तारेमुळे लघुलहरीवर जगातली कुठलीही केंद्रं ऐकू यायची. अडचण एकच होती. दोन्ही रेडिओ एकाच वेळी लावले की एकाची शिट्टी दुसऱ्यात वाजायची. म्हणून करार झाला. संध्याकाळी आधी दुबेजी मॉस्कोचं हिंदी प्रसारण ऐकणार, ते संपलं की बाबा वॉशिंग्टनचं. पण भिंत इतकी पातळ, आणि आवाज दोघांनाही मोठा लागायचा, की खरं तर दोघंही दोन्ही ऐकायचे. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून भांडायचे.

"आपटेजी, लड़ाई में सबसे ज़्यादा आदमी किसके मरे, ये बताओ."

"मरे उनके, मान लिया," बाबा म्हणायचे. दुबेजींशी बोलताना ते अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचे, अजूनही आमच्याकडे सगळे तसंच बोलतात. "पण लढाई संपल्यावर घरी कोण गेलं? और आधे यूरोप में कौन बैठ गया?"

"और बम? दोस्त को बताए बगैर बना लिया! ऐसी दोस्ती होती है क्या, भिया?"

"तुम्ही दोघं बर्लिन राहू द्या," आई आतून म्हणायची, "नळाला पाणी आलंय."

मी पंधरा वर्षांची होते आणि मला एका जागी बसवत नसे. शाळेत बाकाखाली पाय हलवत राहायचे, घरी जिना चढायचे-उतरायचे. रेडिओनेच मला पहिल्यांदा बसतं केलं. कारण दुबेजींनी मला सांगितलं की त्या केंद्रांना आपला आवाज दूर कसा पोहोचतो ते जाणून घ्यायचं असतं. आपण ऐकायचं आणि पाच आकडे लिहून पाठवायचे. पहिला आवाजाच्या जोराचा, दुसरा शेजारच्या केंद्राच्या त्रासाचा, तिसरा खरखरीचा, चौथा आवाज वरखाली होण्याचा, पाचवा एकंदरीत. प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच म्हणजे उत्तम. केंद्र तो अहवाल स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहतं आणि बरोबर असेल तर छापील कार्ड पाठवतं, की अमुक दिवशी तुम्ही आम्हालाच ऐकलंत. मला हे विलक्षण वाटलं. मी जुनी इंदूरच्या गच्चीत बसून चार-पाच-चार-चार-चार लिहायचं, आणि मॉस्कोतला कुणी तरी ते तपासून म्हणायचा, बरोबर आहे! बाबांनी वही आणली ती यासाठीच. माझी पत्रं दुबेजी सकाळी गिरणीत जाताना सायकलवरून पोस्टात टाकायचे.

आता चूक. मी वॉशिंग्टनला माझ्या नावाने लिहायला सुरुवात केली होती, कारण बाबांच्या रेडिओवर मी आधी तेच ऐकलं. मग मॉस्कोला लिहायची इच्छा झाली तेव्हा मला भीती वाटली. दोघांचं वैर तर रोज ऐकतच होते. एकच मुलगी दोघांनाही लिहिते हे त्यांना कळलं तर दोघंही कार्ड पाठवणं बंद करतील, असं मला मनापासून वाटलं. आज हसू येतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात दोन मोठ्या कचेऱ्या होत्या, आणि दोन्हींत माझ्या नावाचा कागद कुणी तरी हातात धरून उभा होता. म्हणून मॉस्कोला मी दादाच्या नावाने लिहू लागले. दादा, म्हणजे मिलिंद, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, पॉलिटेक्निक झालेला, नोकरीच्या शोधात. त्याला रेडिओत रस नव्हता आणि दुपारी पोस्टमन यायचा तेव्हा तो घरी नसायचा. पाकिटं मी खालीच घ्यायचे.

पुढच्या वर्षी दोन्ही केंद्रांनी जवळजवळ एकाच सुमारास निबंध मागवले. विषय वेगवेगळ्या शब्दांत एकच होता: महायुद्ध मिळून जिंकणारे मित्र मित्र का राहिले नाहीत? माझ्याकडे दोघांच्या पुस्तिका होत्या. दोन्हींत एक सारखं छायाचित्र होतं, मोडक्या पुलावर दोन सैन्यांचे शिपाई एकमेकांचे हात धरताहेत. मी दोन्ही पुस्तिका गच्चीत शेजारीशेजारी ठेवून वाचल्या आणि मला एक गोष्ट दिसली, जी मला त्या वयात स्वतःहून दिसली याचा अजून थोडा अभिमान आहे. घटना दोघांच्याही त्याच होत्या, क्रमही तोच. फरक होता तो मोजायला कुठून सुरुवात केली यात. जिंकलेल्यांनी बर्लिन शहर आपसांत वाटून घेतलं होतं. वॉशिंग्टनची पुस्तिका म्हणायची, एके दिवशी रशियाने शहराचे रस्ते आणि रूळ अडवले, आणि मग आम्हाला विमानांनी अन्न आणि कोळसा न्यावा लागला. मॉस्कोची पुस्तिका म्हणायची, त्याच्या आधी तुम्ही तुमच्या भागांत नव्या नोटा काढल्या, जुन्या, तुमच्याकडे रद्द झालेल्या सगळ्या आमच्या भागात लोटल्या असत्या, म्हणून आम्ही रस्ते अडवले. त्याच्याही आधीचं एकेक होतंच. प्रत्येकाची सुरुवात दुसऱ्याच्या आगळिकीच्या दिवशी व्हायची.

हे कळल्यावर मी काय करायला हवं होतं? हेच लिहायला हवं होतं. मी तसं केलं नाही. मी दोन निबंध लिहिले. वॉशिंग्टनला रस्त्यांपासून सुरुवात करून, मॉस्कोला नोटांपासून. दोन्हींत एकही वाक्य खोटं नव्हतं. वॉशिंग्टनकडून आभाराचं छापील पत्र आलं. मॉस्कोकडून आलं ते बक्षीस: तपकिरी कागदातलं मोठं पुडकं, वर लाल-निळे शिक्के आणि ठळक अक्षरांत 'श्री मिलिंद आपटे'. पोस्टमनने ते गल्लीभर दाखवत आणलं. किराणावाल्याने विचारलं, "क्यों बिटिया, रूस से रिश्ता आया है क्या भाई का?" मी पुडकं ओढणीखाली धरून जिना चढले. आत एक सचित्र पुस्तक आणि एक पितळी बिल्ला होता. दोन्ही मी पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवले.

त्याच हिवाळ्यात दादाला शहराबाहेरच्या एका सरकारी संशोधन केंद्रात तंत्रज्ञाची जागा मिळण्याची वेळ आली. मुलाखत झाली, निवड झाली, राहिली ती पोलीस चौकशी. दोन वर्षं घरी बसलेल्या मुलाला नोकरी लागणार म्हणून आई रोज सकाळी देवाला दोन फुलं जास्त वाहायची. एका सकाळी साध्या कपड्यातला हवालदार आला. तो आधी दुबेजींकडे गेला. त्या दिवशी त्यांची दुसरी पाळी होती, घरीच होते ते. बाबा दाराच्या फटीतून पाहत होते. "दोन कप चहा प्यायला," ते आईला म्हणाले. मग तो आमच्याकडे आला. आईने पोहे दिले, वर शेव, लिंबू. तो खात राहिला आणि खाता खाता दादाला म्हणाला, "पोए बढ़िया हैं, माताजी. हाँ, तो मिलिंद, मॉस्को में किसको जानते हो?"

दादा हसला. त्याला ती थट्टा वाटली. "किसी को नहीं."

"चिट्ठियाँ लिखते हो, ऐसा सुना है. पार्सल भी आया."

"हमारे घर में कोई ऐसी चिट्ठी नहीं लिखता," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. पाण्याची पातळी सांगावी तसं सांगितलं. "पूछ लीजिए किसी से भी."

मी मधल्या दारात उभी होते. वही माझ्या हातात होती, कारण ती नेहमीच असायची. मला एवढंच म्हणायचं होतं, की पत्रं मी लिहिते. तीन शब्द. पण ते म्हटले असते तर बाबा त्या माणसासमोर खोटे ठरले असते, आणि दादाची नोकरी माझ्यामुळे गेली असती. निदान माझा हिशेब तसा होता. हवालदाराने रुमालाला हात पुसले, "देखते हैं" म्हणाला आणि गेला.

बाबांनी जेवण केलं नाही. खोलीत येरझाऱ्या घालत त्यांनी सगळं जुळवलं. हवालदार आधी तिकडे गेला. दोन कप चहा झाला. मग येऊन नेमकं मॉस्को विचारलं. या घरात मॉस्को कुणाचं? "पोराच्या पोटावर पाय दिला," ते म्हणाले. "स्वतःवर येऊ नये म्हणून मिलिंदचं नाव पुढे केलं." आई म्हणाली, "अहो, विचारा तरी त्यांना." बाबा म्हणाले, "विचारायचं काय? उत्तर दिसतंय." ते अवजारांच्या डब्यातून फीत आणि पक्कड घेऊन गच्चीवर गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी आधी तार मोजली, बरोबर मधोमध खडूने कठड्यावर खूण केली, आणि तिथे कापली. दोन्ही टोकं खाली पडली. मग आमचं दहा मीटर त्यांनी कठड्याला ताणून बांधलं. त्यांच्या वाट्याचं बोटभरही घेतलं नाही.

आवाज ऐकून दुबेजी वर आले. तारेकडे पाहिलं, पक्कडीकडे पाहिलं.

"ये क्या, आपटेजी?"

"आपका आधा आपका. हमारा आधा हमारा."

"हुआ क्या, ये तो बताओ."

"वो तो आप बताओगे. दो कप चाय में क्या-क्या बताया."

दुबेजींनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली, फार तर दोन सेकंद. त्यांनी तोंड मिटलं, आपल्या बाजूचं लोंबतं टोक उचललं, बांबूला गुंडाळलं आणि खाली गेले. मी स्वतःला सांगितलं की त्यांना काही माहीत नाही. मी त्या दिवसानंतर मॉस्कोला एकही पत्र लिहिलं नाही. आकडे मात्र लिहिले: दोन-तीन-दोन-दोन-दोन. आमच्याकडे वॉशिंग्टन खोल विहिरीतून बोलल्यासारखं यायचं, आणि भिंतीपलीकडे मॉस्कोही तसंच खरखरायचं. दोघंही आवाज पूर्ण चढवायचे. आता करार नव्हता, त्यामुळे दोन्ही रेडिओ एकदमच लागायचे, आणि दोन्ही घरांत शिट्टी वाजायची.

महिन्याभराने दादाचं नेमणूकपत्र आलं. बाबांनी इमारतीत पेढे वाटले, एक दार सोडून. आईने माझ्या हाती गुपचूप ताटली दिली आणि तिकडे पाठवलं. चाचीने दारातच पेढे काढून घेतले, ताटली धुतली, पुसली आणि रिकामी परत दिली. "इसमें क्या रखूँ, समझ में नहीं आता," ती म्हणाली. रागाने नव्हे. खरंच तिला समजत नव्हतं. पुढे उन्हाळ्यात दुबेजींची गिरणी बंद पडली, आणि श्रावणात ती दोघं गौतमपुऱ्याला त्यांच्या भावाच्या शेतावर राहायला गेली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा बाबा कामावर होते. त्यांची पाळी नव्हती, तरी गेले होते.

दोन-तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी दादा जेवता जेवता म्हणाला की केंद्रातला एक अधिकारी त्याची थट्टा करतो. "म्हणतो, तुम्हारे पड़ोसी को रूस का बड़ा शौक है, तुम्हारे नाम से चिट्ठियाँ लिखता था. म्हणे त्यांनी तसं लिहूनच दिलं होतं पोलिसांना. सहीनिशी. हवालदार आला त्याच दिवशी, सकाळी." 

बाबांनी भाकरीचा घास ताटात ठेवला. त्यांचा चेहरा उजळला, खोटं कशाला लिहू. "मी म्हणत नव्हतो? त्यानेच लिहिली! मिलिंदच्या नावाने! आता तर सहीच आहे!"

मला उठावंसं वाटत होतं, जिना उतरावासा वाटत होता, आणि मी उठलेही. पण गेले ती पलंगाकडे. पेटी ओढली, पुस्तक, बिल्ला आणि वही आणून बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. "पत्रं मी लिहिली," मी म्हटलं. "सव्वीस. सगळ्यांची नोंद आहे."

बाबांनी हात धुतले. चष्मा लावला. पातळीची नोंद तपासतात तसं एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी पहिल्या पानापासून सगळी वही वाचली. आई उष्टी ताटं तशीच ठेवून बसून राहिली. कुणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. शेवटी बाबा म्हणाले, "म्हणजे दुबेने खोटं लिहून दिलं."

"हो."

"युनियनचा माणूस. गिरणी बुडत असताना. पोलिसांना सही करून." त्यांनी वही मिटली. "आणि मी फीत लावून तार कापली."

ते गच्चीवर गेले. दुबेजींचं अर्धं बांबूला गुंडाळलेलं तसंच होतं, पावसाने हिरवट झालेलं. बाबांनी दोन्ही टोकं कानशीने घासून चकचकीत केली, एकमेकांत पिळली आणि ताणली. संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मॉस्को लावलं. चार-पाच-चार-चार-चार. मी नोंद केली. कार्यक्रम कशाबद्दल होता ते लिहिलेलं नाही; आम्ही कुणीच ऐकत नव्हतो. प्रसारण संपल्यावर बाबा म्हणाले, "दुबेजींना पत्र तू लिही. तुझं ते तू सांग. तारेचं मी सांगेन."

मी लिहिलं. चार ओळी. वहीत जावक क्रमांक घातला आणि उत्तराचा रकाना मोकळा ठेवला. तो अठरा दिवस मोकळा राहिला. त्या अठरा दिवसांत मी पोस्टमनसाठी किती वेळा जिना उतरले ते मात्र मी मोजलं नाही. मग एक पोस्टकार्ड आलं. दुबेजींनी त्यावर पट्टीने चौकट आखली होती, मधोमध रेडिओचा मनोरा काढला होता, अगदी केंद्रांच्या कार्डासारखा, आणि खाली लिहिलं होतं: "श्रोता महोदया, आपकी रिपोर्ट मिली. हमारे रिकॉर्ड से मिलाई गई. सही पाई गई." त्याखाली अहवालाच्या तारखेची जागा होती. तिथे तारीख नव्हती. लिहिलं होतं, "राखी का दूसरा दिन".

मी वही काढून पाहिली. मॉस्कोला दादाच्या नावाने पहिलं पाकीट गेलं तो दिवस. आदल्या दिवशी मी दादाला राखी बांधली होती आणि दुसऱ्या सकाळी त्याचं नाव पाकिटामागे लिहून ते दुबेजींच्या हातात दिलं होतं. माझं अक्षर त्यांना ओळखीचं होतं. बाबा हवालदारापासून मोजत होते. दुबेजींना तार कापल्यापासून मोजायचा पूर्ण हक्क होता. त्यांनी मोजलं ते माझ्यापासून, आणि तेही कुणाला न सांगता.

बाबांनी कार्ड दोनदा वाचलं. रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी चहा न घेता गौतमपुऱ्याची पहिली बस पकडून गेले. आईने डब्यात भुट्ट्याचा कीस भरून दिला तो घाईत मांडीवर सांडत गेले असतील. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दिवेलागणीला ते परत आले. आईचाच डबा, आत सहा बाफले. पायातल्या चपला न काढताच ते दारात उभे राहिले आणि संतापाने म्हणाले, "सुधारणार नाही तो माणूस! एवढं सगळं झालं, तरी अजून बर्लिनचं तेच म्हणतो, आधी नोटा बदलल्या!"